खरखरीत बाजू वर

रिबेका चौलकर माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य असं होतं: "चकचकीत बाजू खाली, खरखरीत बाजू वर. हे विसरलीस तर वर्ध्याची गाडी धरायची."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आर. के. पुरममधल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात, ड्रॉइंग शाखेत, त्याच सकाळी रुजू झाले होते. दिल्लीत मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून आनंद मानावा की खरंच स्टेशन गाठावं, ते मला कळेना. वर्ध्याची मुलगी येतेय एवढंच त्यांच्या कानावर होतं; नाव त्यांनी दुपारी डबा उघडताना विचारलं. "सुजाता. बरं. बस इथे. तांदळाची भाकरी चालते ना?"

आमच्या शाखेत धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे पारदर्शक फिल्मवर शाईने काढले जात. त्या फिल्मची एक बाजू काचेसारखी गुळगुळीत असते, दुसरी किंचित खरखरीत. शाई खरखरीत बाजूवर धरते, म्हणून काढायचं ते नेहमी त्याच बाजूवर. बाजूंचा गोंधळ झाला की छापताना नकाशा आरशात बघितल्यासारखा उलटा उतरतो. माझ्या आधीच्या एका ड्राफ्ट्समनने अशी एक अख्खी नदी काठच्या गावांसकट फिरवली होती; नावं नंतर लिहिली जात, ती सुलटी होती, म्हणून नकाशा साइटवर पोचेपर्यंत ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या गृहस्थांचं नाव शाखेत कुणी घेत नसे. त्यांना 'नदीवाले' म्हणत.

रिबेकाताईंकडे नकाशावरची अक्षरं असत. रेषा कुणीही ओढो, शीर्षक, गावांची नावं आणि कोपऱ्यातली माहितीची चौकट मात्र त्याच लिहीत. हिंदी असो, इंग्रजी असो, त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागत. सुती साडी, त्यावर दिल्लीच्या हिवाळ्यासाठी पुरुषी राखाडी स्वेटर, आणि पर्समध्ये एका काडेपेटीत अर्धं ब्लेड. फिल्मवर चूक झाली तर ती ब्लेडने खरवडून काढायची असते. ताई ती अशी खरवडत की उजेडाकडे धरूनही जागा सापडू नये. शाखेतले सगळे आपापल्या चुका घेऊन त्यांच्यापुढे रांगेत उभे राहायचे आणि ताई प्रत्येकाला दोन शब्द सुनावून मोकळं करायच्या.

एक गोष्ट मात्र त्या कधी खरवडत नसत. दुपारच्या सुट्टीत वाया गेलेल्या फिल्मच्या तुकड्यांवर त्या हिब्रू अक्षरं काढत बसायच्या. एखादं बिघडलं तर बाजूला ठेवून नवं काढायच्या. बिघडलेले तुकडे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जात. मी एकदा ते केराच्या टोपलीत टाकायला निघाले तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"ही पुसायची नाहीत, फेकायचीही नाहीत. आमच्यात पुरतात."

"अक्षरं पुरतात?"

"माणसांना पुरतात तर अक्षरांना का नाही?"

ताई बेने इस्रायली होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. दिल्लीत हे प्रत्येकाला नव्याने समजावून सांगावं लागे. कुणी त्यांना ख्रिश्चन म्हणे, कुणी पारशी. महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी तर "इतकं छान मराठी कुठे शिकलात?" असं विचारलं. ताई म्हणाल्या, "आईच्या पोटात. तुम्ही?" त्या बाई त्यानंतर दोन वर्षं ताईंच्या पंक्तीला बसल्या नाहीत.

हिब्रू भाषा त्यांना येत होती असं म्हणता येणार नाही. प्रार्थना पाठ होत्या, अर्थ अर्धेमुर्धे. पण त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी अक्षरं शिकवली होती आणि प्रत्येक अक्षराबरोबर ते कोण आहे, हेही सांगितलं होतं. 'कोण' हा शब्द ताईंचाच. बेथ म्हणजे घर: छत, मागची भिंत, जमीन, आणि पुढची बाजू उघडी. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे ते घर पुढल्या अक्षराकडे तोंड करून उघडतं. "मागे काय झालं ते विचारू नकोस, दार पुढे आहे, असं सांगतो बेथ," ताई म्हणायच्या. लामेद सगळ्यांत उंच, ओळीच्या वर मान काढून शिकणारा. योद सगळ्यांत लहान, नुसता शाईचा थेंब, पण त्याच्याशिवाय देवाचं नाव लिहिता येत नाही. एखाद्या शब्दात ही मंडळी कशी शेजारी बसली आहेत, त्यावरून तो शब्द आतून कसा आहे ते कळतं, अशी त्यांची समजूत होती.

माझी नव्हती. मी वर्ध्याच्या बौद्ध घरातली. आमच्याकडे अक्षर म्हणजे शिकायची आणि वापरायची वस्तू, तिच्यात देव शोधायचा नाही. ताईंना मी हे स्पष्ट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "विश्वास ठेव म्हणून कोण सांगतंय? ऐक नुसतं. डबा खाताना रेडिओ ऐकतेस ना?"

मग मी ऐकत राहिले. बारा वर्षं रोज जेवताना ऐकलं आणि वाचायला मात्र शिकले नाही. हा माझा आळस पुढे नडला.

ताई अक्षरं माणसांना चिकटवत. आमचे एक वरिष्ठ अधिकारी मान ताठ ठेवून चालायचे. "हा लामेद आहे," ताई हळूच म्हणायच्या, "पण शिकण्याचं खातं बंद." याच साहेबांनी एकदा ताईंना बोलावून सांगितलं की एका नकाशाच्या चौकटीत 'प्रत्यक्ष पाहणीनुसार' असं लिहा. पाहणी झालेली नव्हती. साइटवर कुणी गेलंच नव्हतं. ताई म्हणाल्या, "सर, यह लाइन एक टाँग पर खड़ी है. मैं नहीं लिखूँगी."

साहेबांना वाटलं बाईंना ऊन लागलं. मला अर्थ माहीत होता. हिब्रूमध्ये 'सत्य' या शब्दात वर्णमालेचं पहिलं, मधलं आणि शेवटचं अक्षर येतं. लांबलांब राहणाऱ्या तिघांना एकत्र आणावं लागतं, पण तिघंही पाय रोवून उभी असतात. 'खोटं' या शब्दाची अक्षरं शेजारीशेजारी राहतात, बोलवायला जावं लागत नाही, मात्र प्रत्येक जण एका पायावर. ताईंची रवानगी वर्षभरासाठी जुन्या नकाशांच्या कोठारात झाली. तिथे त्यांनी सगळे नकाशे झाडले, लावले आणि नदीवाल्यांची ती फिरवलेली नदीसुद्धा शोधून काढली. "कोठार उत्तम आहे," त्या मला म्हणाल्या, "साहेब तिथे येत नाहीत, धुळीची ॲलर्जी आहे त्यांना."

मंडळाची बस दर जानेवारीत पानिपतला जाई. रणभूमीच्या स्मारकापाशी सगळे गंभीर चेहरे करून उभे राहत आणि ताई शिलालेखाजवळ जाऊन चष्म्यातून अक्षरं तपासत. "हा 'म' बघ, कुबड आलंय त्याला. एवढी माणसं गेली, निदान अक्षर तरी नीट काढायचं." परतीच्या वाटेवर सगळ्या बायका ब्लँकेटं घेण्यासाठी बाजारात उतरायच्या. मी पहिल्यांदा गेले तो माझा दिल्लीतला पहिलाच हिवाळा होता. माझ्याकडे घरून आणलेली एक गोधडी होती आणि त्या थंडीपुढे तिचं काही चालत नव्हतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या खुर्चीवर एक जाड तपकिरी ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं. चिठ्ठी नाही. मी सगळ्यांना विचारलं. ताई पाठमोऱ्या बसून एका गावाचं नाव लिहीत होत्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

उलगडा झाला चार-पाच वर्षांनी, गिमेल आणि दालेतच्या गोष्टीत. दालेत म्हणजे दारात उभा असलेला गरीब. गिमेल म्हणजे त्याच्यामागे काही द्यायला धावणारा, पाय पुढे टाकलेला माणूस. वर्णमालेत ते दोघे शेजारी असतात. पण दालेतने गिमेलकडे पाठ केलेली असते, कारण घेणाऱ्याला देणाऱ्याचं तोंड दिसू नये.

"म्हणजे ते ब्लँकेट!" मी म्हणाले.

"कसलं ब्लँकेट?" ताई म्हणाल्या आणि लोणचं वाढून घेतलं.

माझे बाबा एकदा वर्ध्याहून आले होते. ताईंनी त्यांना घरी बोलावलं. त्यांच्याकडे त्या दिवशी मलिदा होता. कोणतंही शुभ कार्य झालं, आजारपण टळलं, की बेने इस्रायली घरात एलिया पैगंबराच्या नावाने गोड पोहे करतात: ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. ताईंचे यजमान, चौलकर सर, शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. त्यांचंही नाव एलायजा, म्हणजे तोच एलिया. ताई त्यांना एली म्हणत. सर मोठ्याने हसणारे होते आणि अक्षरांच्या बाबतीत माझ्या पक्षाचे होते. "काय रिबेका, आज कुठल्या अक्षराने संप केलाय?" असं ते रोज विचारत, आणि ताईंनी काढलेलं प्रत्येक अक्षर मात्र उजेडात धरून बघत.

बाबांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, राग नका मानू. माझ्या वडलांना पाटीवर स्वतःचं नाव काढायला चाळिशी उजाडली. त्याच्या आधी कोणी हातात पाटी येऊच दिली नाही. आमच्यासाठी अक्षराचा अर्थ एकच. आता मला वाचता येतं."

ताई म्हणाल्या, "राग कसला, भाऊ? आमच्या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे ओढले. सगळी अक्षरं विसरलो. म्हणतात की प्रार्थनेची एक ओळ तेवढी आठवत होती, तीही तोंडी. पुढे कुणीतरी येऊन पुन्हा शिकवलं. म्हणून मी एकेकाला धरून विचारते, बाबा रे, तू कोण, इतकी वर्षं होतास कुठे?"

बाबांनी मलिदा परत मागून घेतला. घरी येताना बसमध्ये म्हणाले, "बाई बिल्कुल चुकीची आहे. पण चांगली आहे."

ताई निवृत्त झाल्या आणि दोघं मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. ऑफिसात कॉम्प्युटर येऊन फिल्म, शाई, ब्लेड सगळं गेलंच होतं. मी महिन्यातून एखाद्या रविवारी मेट्रोने त्यांच्याकडे जात असे. त्यांची एकुलती मुलगी नेओमी लग्न करून इस्रायलला गेली होती. तिला हिब्रू फाडफाड येई आणि आईच्या अक्षरकथांचा भारी कंटाळा. "आई, आम्ही याच अक्षरांत बसचे बोर्ड वाचतो गं," ती फोनवर म्हणायची. ताई मला म्हणत, "वाचते ना, बस झालं. मी बसचा बोर्ड वाचू शकत नाही, ती वाचते."

दोन वर्षांपूर्वी ताईंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग सही जमेना. बँकेने सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवला. ज्या बाईचं अक्षर बघायला दुसऱ्या शाखांतून लोक येत, तिला आता अंगठा लावा म्हणून सांगत होते. आणि त्यानंतर काही महिन्यांनी चौलकर सर गेले. सकाळी पेपर वाचता वाचता गेले.

त्यांना दिल्लीतल्या छोट्याशा ज्यू दफनभूमीत पुरलं. थडग्यावरचा दगड वर्षाच्या आत बसवायची रीत आहे. दगडावर वर एक ओळ हिब्रूत आणि खाली मराठीत नाव येणार होतं. हिब्रूत लिहायचं होतं एलियाहू बेन दाविद, म्हणजे दाविदचा मुलगा एलिया. ताईंनी जाहीर केलं की ती ओळ त्या स्वतः काढणार. मी म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरवर फॉन्ट मिळतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले.

त्या एका ओळीला त्यांना तीन महिने लागले. सकाळी औषध घेतल्यावर अर्धा तास हात जरा बरा चालायचा. तेवढ्यात एक अक्षर, कधी अर्धंच. जुन्या फिल्मचा एक मोठा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, त्यावर. मला बघू देत नव्हत्या. एका रविवारी त्यांनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली. "हे माझं शेवटचं अक्षर," त्या म्हणाल्या. "एलीसाठी होतं, झालं. आता हात राहिला काय आणि गेला काय. तू कारागिराला नेऊन दे."

नेओमीची दोन तिकिटं रद्द झाली होती. तिकडची विमानं कधी चालू, कधी बंद. तिसरं तिकीट पक्कं झालं, वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीचं.

राजोकरीच्या बाजूला संगमरवराची दुकानं आहेत. तिथले हरिओमजी मूळचे मकराण्याचे. त्यांनी गुंडाळी घेतली, दगड दाखवला: एक बाजू पॉलिश करून आरशासारखी केलेली, दुसरी ओबडधोबड. पॉलिशच्या बाजूवर फिल्म ठेवायची, खाली कार्बन घालायचा, टोकदार लोखंडी लेखणीने अक्षर गिरवायचं आणि मग छिन्नी. आधी हिब्रू, मराठी नंतर. दोन दिवसांनी मी मेट्रोत उभी असताना त्यांचा फोन आला.

"मैडम, इस प्लास्टिक की कौन-सी साइड नीचे रखनी है? मुझे तो यह लिखाई समझ नहीं आती."

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी लागलेली सवय. "चिकनी साइड नीचे, खुरदुरी ऊपर. बिल्कुल पक्का."

आठवड्याने मी जाऊन कोरलेला दगड बघितला. मला तो छान वाटला. मी तसं हरिओमजींना म्हणाले, फोटो काढला आणि संध्याकाळी मयूर विहारला जाऊन ताईंसमोर फोन धरला.

ताईंनी चष्मा लावून फोटो बघितला. मग म्हणाल्या, "बेथचं दार मागे उघडतंय."

मला कळलंच नाही. त्यांनी बोटाने दाखवलं. घर उलटं होतं, सगळी ओळच उलटी होती, पहिलं अक्षर डावीकडे आणि शेवटचं उजवीकडे. मी म्हणाले, "सेल्फीत होतं तसं झालं असेल, फोन उलटवतो कधी कधी." ताईंनी फोटोत मागे दिसणारी दुकानाची पाटी दाखवली. ती सरळ होती.

"पण मी सांगितलं होतं त्यांना," मी म्हणाले, "चकचकीत बाजू खाली, खरखरीत..."

ताईंनी डोळे मिटले. "मी चकचकीत बाजूवर काढलं होतं, सुजाता."

खरखरीत बाजूवर त्यांच्या थरथरत्या हातातली लेखणी अडकायची आणि रेष फाटायची. म्हणून त्यांनी साधा मार्कर घेऊन गुळगुळीत बाजूवर काढलं होतं. हे सांगायची त्यांना लाज वाटली. आयुष्यभर सगळ्यांना ज्या एका गोष्टीवरून झापलं, तीच गोष्ट त्यांनी मोडली होती, आणि ते मला माहीत नव्हतं. मराठी ओळ आधी कोरली असती तर हरिओमजींच्या लगेच लक्षात आलं असतं. मी ताईंचं एक अक्षर जरी वाचायला शिकले असते तर माझ्या आलं असतं. मी त्यांच्या सोफ्यावर बसून रडले. ताई रडल्या नाहीत. "नदीवाल्यांचं नाव काय होतं गं?" त्यांनी विचारलं. "त्यांची माफी मागायला हवी."

मी म्हणाले, दगडावरून पुन्हा ट्रेसिंग घेऊ, ते उलटवलं की सुलटं होईल, अक्षरही तुमचंच राहील. ताईंनी फोटो बोटांनी मोठा केला. दगडात कापल्यावर हाताचा थरकाप स्पष्ट दिसत होता. वाव नावाच्या अक्षराची उभी काठी तीन ठिकाणी हलली होती.

"नको," त्या म्हणाल्या. "असलं अक्षर मी लोकांसमोर कधी ठेवलं नाही. आता तू काढ."

"मला येत नाही."

"मी सांगते. हात तुझा, डोळा माझा."

नेओमीच्या विमानाला नऊ दिवस होते. जेवणाच्या टेबलावर फिल्म पसरली, या वेळी खरखरीत बाजू वर, आणि ताईंनी पुढचे तीन दिवस मला अक्षरं सांगितली. आकार सांगत नव्हत्या, माणसं सांगत होत्या. "आलेफ. मधे तिरकी काठी, वर एक थेंब, खाली एक थेंब. वरचा आणि खालचा, दोघांना धरून उभा आहे तो. स्वतःचा आवाज नाही त्याला, तरी पहिला. आता तुझा आलेफ बघ, नुसता रेलून बसलाय, पुन्हा काढ." मी पुन्हा काढायची. लामेदची मान अजून वर. योद लहान, अजून लहान, गर्व नको. वाव म्हणजे अडकवायचा आकडा, याला त्याला जोडणारा. बेनमधला शेवटचा नून: शब्दाच्या मधे येतो तेव्हा वाकलेला असतो, शेवटी आला की सरळ उभा राहतो. "एली शेवटी असाच होता," त्या म्हणाल्या. दाविद हे नाव म्हणजे दोन्हीकडे दालेत आणि मधे वाव. दारात उभे असलेले दोन गरीब आणि त्यांना धरून ठेवणारा आकडा.

'हे' नावाचं अक्षर मी सतरा वेळा काढलं. छत, उजवा पाय, आणि डावीकडे एक छोटा पाय, जो छताला टेकत नाही. वर फट राहते. "खाली सगळं मोकळं आहे, बघ," ताई म्हणाल्या, "माणूस घसरून पडायला वेळ लागत नाही. म्हणून वर बाजूने फट ठेवलीय. परत यायचं असेल तर तिथून ये." माझी फट एकदा फार रुंद व्हायची, एकदा फार बारीक. बिघडलेले सगळे तुकडे त्या बिस्किटांच्या डब्यात गेले. मी विश्वास ठेवत नव्हते, आजही ठेवत नाही. पण ते तीन दिवस मी ज्यांना काढत होते ती अक्षरं नव्हती, एवढं मला कबूल केलं पाहिजे.

तसाच दुसरा दगड यायला पंधरा दिवस लागणार होते. हरिओमजींनीच सुचवलं की दगड पलटू, मागची बाजू घासून सपाट करू, तिथे कोरू. आरशासारखं पॉलिश करायला वेळ नाही. चुकलेली अक्षरं घासून टाकतो, असंही ते म्हणाले. ताई फोनवर एवढंच बोलल्या, "उनको हाथ मत लगाना." मला वाटलं, पुसायचं नाही हा त्यांचा जुना नियम. हिब्रू आणि मराठी दोन्ही कोरून झाल्यावर मला हरिओमजींचा पुन्हा फोन आला. "मैडम, यह चौथा वाला अक्षर थोड़ा टूटा हुआ है. सफ़ेद सीमेंट से भर दूँ?" मी मेट्रोत ओरडलेच, "नहीं, नहीं! वो रास्ता है, खुला रखना." शेजारची मुलगी दचकून बाजूला झाली.

दगड बसवायच्या दिवशी दफनभूमीत आम्ही मोजकी माणसं होतो. नेओमी आदल्या दिवशी पोचली होती, डोळ्यांत झोप होती. दोरखंडावर दगड तोलून दोन मजूर उभे होते आणि हरिओमजी माझ्याकडे बघत होते. त्यांना बहुधा खातरजमा करायची होती. "मैडम जी, कौन-सी साइड नीचे?"

मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "चिकनी नीचे, भैया. खुरदुरी ऊपर."

दगड खाली बसला. पॉलिशची बाजू, ताईंच्या तीन महिन्यांच्या थरथरत्या अक्षरांसकट, सरांच्या दिशेला गेली. वर माझी ओळ राहिली. दगड फिल्मसारखा पारदर्शक असता तर वरून बघताना ताईंची ओळ सुलटी दिसली असती, माझ्या ओळीच्या बरोबर खाली.

नेओमीने ती वाचली. एका दमात, बसचा बोर्ड वाचावा तशी. मग आईला म्हणाली, "आई, किती सुंदर काढलंयस."

"हे सुजाताने काढलंय," ताई म्हणाल्या. "माझं एलीकडे आहे. त्याला चालतं तसलं."

नेओमीला काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी लांब जाऊन एका झाडाखाली उभी राहिले.

त्यानंतर चार दिवसांनी नेओमी आईला बरोबर घेऊन गेली. तीन महिन्यांसाठी म्हणून नेलंय, आता सहा होत आले. फोनवर ताई बोलतात, पण फोन नेओमीने धरलेला असतो. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच, असं मी धरते. सगळे गाडीकडे निघाले होते. ताई दगडाशेजारी खाली बसल्या होत्या, राखाडी स्वेटर घालून, जो सरांचा होता हे मला त्या दिवशी कळलं. उजव्या हाताच्या बोटाने त्यांनी माझी ओळ उजवीकडून डावीकडे चाचपली, चौथ्या अक्षरापाशी थांबून फट तपासली आणि मान हलवली. मग तळहात दगडावर सपाट ठेवला आणि तसाच राहू दिला. हात थरथरत नव्हता, की दगडावर दाबल्यामुळे थरथर दिसत नव्हती, ते मला इतक्या लांबून सांगता येणार नाही.